कमानिया गेट : वाटा आणि वाहने

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आम्हांस आज्ञा केली की, कमानिया गेटच्या इतिहासावर चार पाने लिहून द्यावीत. इतिहास हा विषय घेऊन आम्ही बी.ए. झालो, त्याला आता पस्तीस वर्षे होत आली. पुढील सारे आयुष्य केंद्र सरकारच्या एका खात्यात टिपणे लिहिण्यात आणि फायली पुढे सरकविण्यात गेले. तेव्हा संशोधकाचा अधिकार आमच्यापाशी नाही, हे आरंभीच कबूल करतो. परंतु या गेटखालून पन्नास वर्षे जाण्यायेण्याचा अधिकार मात्र आमच्यापाशी आहे. आपल्या मंडळाची पहिली बैठक या गेटपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावरील एका जुन्या घराच्या माडीवर भरली, आणि आजही आपले मोठे कार्यक्रम याच परिसरात होतात. म्हणून गेटच्या दगडाविटांपेक्षा त्याखालून कोण गेले, कशाने गेले आणि आज कोणास जाता येत नाही, याचाच विचार येथे करावयाचा आम्ही ठरविले आहे. वाहनांचा इतिहास हाही माणसांचाच इतिहास असतो.

प्रथम गेटविषयी. बडा फुहाऱ्याच्या गजबजलेल्या बाजारात उभी असलेली ही कमान म्हणजे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. त्या वर्षीच्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींचा पाठिंबा असलेले पट्टाभी सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला आणि ते दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. मार्चमध्ये जबलपूरनजीक त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले. सुभाषबाबू त्या वेळी तापाने इतके आजारी होते की, अध्यक्षीय मिरवणुकीत त्यांना स्वतःला बसता आले नाही. तेव्हा त्यांची तसबीर रथात ठेवण्यात आली आणि तो रथ ५२ हत्तींनी ओढला. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, त्यांनी राजीनामा दिला, हे सर्वश्रुत आहे. पण जबलपूरकरांच्या मनात तो राजीनामा राहिला नाही. राहिली ती मिरवणूक आणि ही कमान.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून प्रतिनिधी या मध्यवर्ती ठिकाणी जमू शकले, ते आगगाडीच्या बळावर. १८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा जबलपूरपर्यंत आला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथे येऊन त्यास मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली. ज्या गावी हा सांधा जुळला ते गाव जबलपूर होय. तोवर नर्मदेच्या खोऱ्यातले हे एक लष्करी ठाणे होते. त्या सांध्याने त्याचे शहर केले. आजही पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे; ते २००३ मध्ये स्थापन झाले.

मराठी माणसाचे या भूमीशी नाते आगगाडीपेक्षा जुने आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. तथापि तलवारीच्या जोरावर आलेली मराठी माणसे थोडी. नोकरीच्या आणि वकिलीच्या, शाळामास्तरकीच्या आणि रेल्वेच्या निमित्ताने आलेली अधिक. मध्य प्रांत व वऱ्हाड या जुन्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूर आणि जबलपूर ही एकाच घराची पुढची व मागची ओटी असल्यासारखी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्याच्या वाट्यास उच्च न्यायालय आले. एका रात्रीत आम्हां मराठी मंडळींचे माहेर परराज्यात गेले.

परंतु राज्ये वेगळी झाली तरी वाट राहिली होती. ती वाट म्हणजे सातपुड्यातली छोटी आगगाडी. बंगाल नागपूर रेल्वेने अडीच फूट रुंदीचा हा मार्ग गोंदियापासून नैनपूरपर्यंत १९०३ मध्ये आणि तेथून जबलपूरपर्यंत १९०५ मध्ये आणला. जबलपुरात तिचे स्थानक हाऊबाग. गावातून ती ग्वारीघाटाकडे निघे, नर्मदा ओलांडी आणि सातपुड्याच्या झाडीत शिरे. आमच्या बालपणी गोंदियाकडील पाहुणे याच गाडीने येत. त्यांच्या ट्रंकेवर कोळशाची काजळी आणि हातात संत्र्यांची करंडी असे. गाडी सावकाश चाले, तिची पुष्कळ थट्टा होई. पण तिच्यात आदिवासी, शेतकरी, शाळकरी मुले, घाटावर निघालेल्या म्हाताऱ्या बाया आणि आमच्यासारखी नोकरदारांची कुटुंबे मांडीस मांडी लावून बसत. तिकीट काढण्यापुरते पैसे असले की माणूस प्रवासी होई. याहून अधिक पात्रता त्यास सिद्ध करावी लागत नसे. सार्वजनिक वाहनाची याहून चांगली व्याख्या आम्हांस अद्याप सापडलेली नाही.

शहरातल्या शहरात मात्र पाय, सायकल, टांगा आणि सायकलरिक्षा यांचे राज्य होते. जबलपूर हे कारखान्यांचे गाव. गन कॅरिज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली आणि व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. आमचे वडील याच काळात महाराष्ट्रातून येथे कामास आले. पाळी सुटण्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, तो ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढून कधी जाणार नाही. त्या कारखान्यात लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनत, आणि जोंगा नावाची दणकट गाडी बनत असे. जोंगा हे नावच मुळी जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलेले. पण गंमत अशी की, देशासाठी हजारो मोटारी बांधणारा हा कामगार स्वतः सायकलवर घरी जाई, आणि त्यात त्यास कमीपणा वाटत नसे.

रविवारी संध्याकाळी वडील आम्हां भावंडांस बडा फुहाऱ्यास आणीत. लांबून यावयाचे असेल तर टेम्पो. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या कारखान्यातून निघालेली, डुकराच्या नाकाडासारखे तोंड असलेली ती तीनचाकी गाडी फटफट करीत येई. समोरासमोरच्या दोन बाकांवर माणसे बसत आणि ‘थोडं सरका’ म्हटले की आणखी एकास जागा होई. गेटच्या बरेच अलीकडे उतरावे लागे. तेथून आम्ही चालत येत असू. कमानीखाली आलो की वडील थांबत आणि ५२ हत्तींची गोष्ट पुन्हा एकदा सांगत. ती गोष्ट सांगावयास त्यांना उसंत होती, कारण मागून कोणी भोंगा वाजवीत नसे. मंडळाच्या आरंभीच्या सभासदांचे येणे असेच होई. कोणी पायी, कोणी सायकलवर, कोणी दोघांतिघांत एक रिक्षा करून. नाटकाची तालीम रात्री दहा वाजता संपली तरी परतण्याची चिंता नसे. एकाच दिशेस जाणारे दहाजण बोलत बोलत निघत. किंबहुना मंडळाची अर्धी कामे त्या परतीच्या वाटेवरच ठरत असत.

हे वर्णन वाचून कोणास वाटेल की, आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात आहोत. तसे नाही. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाची छाती उन्हाळ्यात कशी धपापे, हे आम्ही पाहिले आहे. टांग्याच्या घोड्याची हाडे मोजता येत. टेम्पोच्या धुराने डोळे चुरचुरत. पावसाळ्यात आजारी मुलास इस्पितळात न्यावयाचे म्हणजे केवढे संकट! तेव्हा स्वतःचे वाहन हवेसे वाटले, यात कोणाचा दोष नाही. १९७२ पासून बजाजची चेतक स्कूटर निघू लागली. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीयाच्या मनात मोटारीने घर केले. आमच्या घरीही प्रथम स्कूटर आली, मग मोटार आली. पहिल्या दिवशी तिला हार घालून, नारळ फोडून आम्ही तिला कमानिया गेटपर्यंत मिरवीत आणली होती, हे येथे लपविण्याचे कारण नाही. त्या दिवशी वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

चूक मोटार घेण्यात झाली नाही. चूक झाली ती आपली मोटार आली म्हणून दुसऱ्यांच्या बसकडे पाठ फिरविण्यात. शहर वाढले. विजयनगर, अधारताल, तिलवाऱ्याकडील व ग्वारीघाटाकडील नव्या वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या पेठांतली मराठी बिऱ्हाडे तेथील ऐसपैस घरांत गेली. त्या वसाहती आखताना घरापुढे मोटार कोठे उभी राहील याचा विचार झाला. बस कोठे थांबेल याचा क्वचितच झाला. मंडळाचे जे सभासद एके काळी गेटपासून पंधरा मिनिटांच्या टापूत राहत, ते आता आठ-आठ, दहा-दहा किलोमीटरांवर विखुरले आहेत.

नेमक्या याच काळात सामाईक वाहनांची वाट अरुंद होत गेली. १९६२ मध्ये स्थापन झालेले मध्य प्रदेश राज्य परिवहन महामंडळ तोट्याच्या व कर्जाच्या भाराखाली वाकत गेले आणि २००५ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. आपल्यापैकी ज्यांचे नातलग महाराष्ट्रात आहेत त्यांस या निर्णयाचा अर्थ अधिक कळेल. तिकडे १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एस.टी. धावली, आणि कितीही तोटा, कितीही ओढाताण झाली तरी ती संस्था टिकून आहे. २०२२ पासून तेथे पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे. आमची साताऱ्याकडील मावशी या सवलतीवर देवदर्शने करीत फिरते, आणि इकडे तिच्याच वयाची आमची माणसे मुलगा घरी कधी येतो याची वाट पाहत बसतात. दोघींच्या वयात फरक नाही, पायांतही नाही. फरक आहे तो रस्त्यावर बस असण्यानसण्याचा.

प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारची जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी नवीकरण योजना आली; तीत जबलपूर होते. जबलपूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही कंपनी निघाली आणि ‘मेट्रो बस’ या नावाने शहरात बसगाड्या धावू लागल्या. त्या बसमधून प्रवास करणाऱ्या महाविद्यालयीन मुली आणि कारखान्यातले निवृत्त कामगार पाहून आम्हांस जुन्या टेम्पोचे बाक आठवत. मात्र सातपुड्याची छोटी गाडी राहिली नाही. २०१५ च्या शरद ऋतूत जबलपूर-नैनपूर अरुंद मार्ग बंद झाला. त्याच्या जागी गोंदियापर्यंत रुंद मार्ग झाला, ही मोठीच सोय. आता त्यावरून लांबच्या गाड्या जातात. परंतु हाऊबागेपासून ग्वारीघाटापर्यंत गावातून जाणारा तो धागा तुटला तो तुटलाच.

आता पुन्हा कमानीपाशी येऊ. कमान १९३९ मध्ये जेवढी रुंद होती तेवढीच आज आहे, आणि ती रुंद व्हावी असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न अंकगणिताचा होतो. समजा, मंडळाच्या गणेशोत्सवास एका वसाहतीतून ५० माणसे यावयाची आहेत. ती मोटारींनी आली आणि एकेका मोटारीत दोघे बसले असे धरले तर २५ मोटारी. लहान मोटार सुमारे ४ मीटर लांब; पुढेमागे जागा सोडून ६ मीटर धरल्यास त्यांची रांग १५० मीटरांची. म्हणजे एकट्या आपल्या मंडळाने गेटच्या तोंडचा सारा बाजार अडविला! तीच ५० माणसे एका बसमध्ये बसली तर १२ मीटर पुरतात. शिवाय बस माणसे उतरवून पुढे जाते. मोटार मालकाची वाट पाहत तीन तास तेथेच उभी राहते. बस कमानीखालून न्यावी असे कोणी म्हणत नाही. ती बाजाराच्या कडेस थांबावी आणि तेथून माणसाने पाच मिनिटे चालावे. म्हाताऱ्याकोताऱ्यांस त्या पाच मिनिटांपुरती ई-रिक्षा पुष्कळ झाली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मदनमहाल ते दमोह नाका हा सुमारे ७ किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल खुला झाला. तो भव्य आहे आणि त्याने लांबच्या जाण्यायेण्याचा वेळ वाचला, हे मान्यच केले पाहिजे. पण पूल मोटारीस गर्दीच्या वरून नेतो. शेवटी तिला खाली उतरावेच लागते, आणि खाली फुहाऱ्याचा रस्ता तेवढाच आहे. रस्ता रुंद करून गर्दी हटविणे म्हणजे पट्टा सैल करून लठ्ठपणा घालविणे होय.

जगाच्या अनुभवानेही हेच सांगितले आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराभोवती एके काळी पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या तांबड्या ट्राम धावत; त्यांच्या रुळांची लांबी हजार मैलांहून अधिक होती. मोटारीच्या वैभवात ते रूळ निरुपयोगी ठरले आणि १९६१ मध्ये शेवटचा मार्ग बंद झाला. पुढे रस्ते तुंबले, हवा काळवंडली आणि १९९० पासून त्याच शहरास नव्याने रूळ टाकावे लागले, तेही अफाट खर्चाने. आपल्यापैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे सहा महिने राहून आलेले ज्येष्ठ सभासद काय सांगतात? घर मोठे, हवा स्वच्छ, सून प्रेमळ. पण सोमवार ते शुक्रवार बंदिवास. मोटार चालविता येत नाही आणि बस जवळपास नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणण्यासही मुलाची वाट पाहावयाची. हे ऐकताना आम्ही हसतो. वास्तविक आपणही आपल्या वसाहतींत तेच घडवीत आहोत, याची जाणीव आम्हांस फार उशिरा झाली. ती कशी झाली, ते आता सांगतो.

आपल्या मंडळाच्या एक ज्येष्ठ काकू आहेत; नाव लिहिणे त्यांना आवडणार नाही. मंडळ निघाले त्या वर्षापासून गणपतीच्या पहिल्या आरतीस पहिला सूर त्यांचा, हा रिवाज. काका गेले, मुलगा बंगलोरास, आणि काकू शहराबाहेरील एका वसाहतीत एकट्या राहतात. तेथून संध्याकाळी येण्यास एखादी रिक्षा मिळते. रात्री परतण्यास काहीही मिळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना शब्द दिला की, आरतीस आम्ही मोटारीने घेऊन जाऊ. त्या दिवशी कार्यालयातून निघून आम्ही आधी हाराफुलांसाठी फुहाऱ्यास आलो. मोटार गेटच्या अलीकडे अडकली. पुढे मोटारी, मागे मोटारी, प्रत्येकीत एकेक माणूस भोंगा दाबीत बसलेला. आम्हीही त्यांतलेच एक. पाऊण तास गेला. आरतीची वेळ झाली तेव्हा कार्यकर्त्यांचा फोन आला, आणि आम्ही मोटार जागा मिळेल तेथे लावून पायीच सभागृहाकडे धावलो. त्या धांदलीत काकूंची आठवण राहिली नाही. कोणी तरी दुसऱ्यानेच आरती सुरू केली.

रात्री अकरा वाजता आम्ही त्यांच्या दारी पोहोचलो. दिवा जळत होता. काकू ठेवणीतले लुगडे नेसून, शाल घेऊन, झांज मांडीवर ठेवून ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या होत्या. आमच्या तोंडून शब्द फुटेना. त्या म्हणाल्या, “अरे, तू कामात असशील म्हणून फोन केला नाही. प्रसाद आणलास ना?” आम्ही प्रसादही आणला नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे नगररचनेचा प्रश्न म्हणून पाहणे सोडले. ज्या गावात स्वतःच्या वाहनावाचून हलता येत नाही, त्या गावात वाहन नसलेला माणूस दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगतो. मेहेरबानी करणारा वाईट नसतो. तो फक्त विसरतो. बस विसरत नाही. दर वीस मिनिटांनी बस येत असती तर काकूंना आमच्या शब्दाची गरजच पडली नसती. त्या आपल्या पायांनी, आपल्या पैशांनी, आपल्या मानाने आल्या असत्या. सार्वजनिक वाहनाने इंधन वाचते, धूर घटतो, अपघात कमी होतात, कुटुंबाच्या डोक्यावरचे हप्ते उतरतात, हे सर्व लाभ खरेच आहेत. परंतु त्याचा सर्वांत मोठा लाभ असा की, ते माणसास कोणाचे मिंधे राहू देत नाही. जे काकूंचे तेच चौदा वर्षांच्या मुलाचे, तेच नोकरीवरून उशिरा परतणाऱ्या मुलीचे, तेच दृष्टी अधू झालेल्या निवृत्त मास्तरांचे. मंडळाच्या सभासदांची यादी आम्ही या दृष्टीने पाहिली, तेव्हा ध्यानी आले की, ज्यांची अनुपस्थिती आम्ही ‘उत्साह ओसरला’ म्हणून नोंदवीत होतो, त्यांतील कित्येकांचा उत्साह शाबूत होता, वाहन नव्हते.

यावर आक्षेप येतील. बसगाड्या रिकाम्या धावतात, त्या तोट्यात जातात, असे म्हटले जाते. बसगाड्यांसाठी राखून ठेवलेले रस्तेही टिकले नाहीत असा दाखला दिला जाईल. भोपाळचा तसा मार्ग २०२४ मध्ये काढण्यास आरंभ झाला, आणि इंदूरचा काढण्याचा आदेश २०२५ मध्ये झाला. हे खरे आहे. पण त्याच इंदुरात २०२५ च्या मे महिन्यात मेट्रोही सुरू झाली. म्हणजे सामाईक वाहनावाचून चालणार नाही, हे उभयपक्षी मान्य आहे, वाद आहे तो पद्धतीचा. रिकाम्या बसविषयी आमचे म्हणणे इतकेच की, जी बस केव्हा येईल ठाऊक नाही तिची वाट कोण पाहील? मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १९०७ मध्ये विजेची ट्राम आणि १९२६ मध्ये बस आली. ट्राम १९६४ मध्ये गेली, तरी मुंबईकराची बसची सवय मोडली नाही, कारण दीडशे वर्षे कोणते ना कोणते सामाईक वाहन ठरल्या वेळी त्याच्या दाराशी येत राहिले. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले तेव्हा बसला प्रवाशांची गर्दी झाली. पुढे २०२५ मध्ये ते १० रुपये करावे लागले, ही गोष्ट निराळी. लोकांना बस नको असते असे नाही. लोकांना बेभरवशाची बस नको असते. आणि तोट्याचे म्हणाल, तर शाळा, ग्रंथालय, रस्त्यावरचा दिवा यांचा नफा कोणी मोजीत नाही. उड्डाणपुलाचाही कोणी मोजला नाही.

सुदैवाने वारे पुन्हा फिरत असल्याच्या खुणा आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये शहरांस विजेवर चालणाऱ्या १०,००० बसगाड्या पुरविण्याची योजना मंजूर केली. मध्य प्रदेशातील निवडलेल्या शहरांत जबलपूर आहे. राज्य शासनानेही २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या नावाने बससेवा पुन्हा उभी करण्यास मान्यता दिली. २००५ मध्ये जे मोडले ते वीस वर्षांनी पुन्हा बांधावे लागत आहे. सरकारी नोकरीतल्या दीर्घ अनुभवाने आम्ही एवढे सांगू शकतो की, योजना कागदावरून रस्त्यावर येते ती लोकांनी मागणी लावून धरल्याने. आपण मराठी मंडळी परमुलखात राहतो म्हणून ‘हे शहर आपले कोठे?’ असे म्हणून बाजूस बसण्याची आपणांस सवय आहे. ती सोडावी. पन्नास वर्षे जेथे आपला गणपती बसला ते गाव आपलेच.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची दोन साधी मागणी आहेत. एक नगराकडे : नव्या बसगाड्यांचे मार्ग आखताना दूरच्या वसाहतींपासून फुहाऱ्यापर्यंत येणारा मार्ग असावा, आणि त्याची शेवटची फेरी रात्री दहानंतरची असावी, कारण नाटक, कीर्तन, व्याख्यान आणि आरती ही दिवसाउजेडी होत नाहीत. दुसरी मंडळाकडे : ती बस येईपर्यंत प्रत्येक मोठ्या कार्यक्रमास मंडळाने एक लहान बस भाड्याने करावी, तिचे थांबे व वेळा निमंत्रणपत्रिकेवर छापाव्यात आणि मोटार असलेल्यांनीही तिनेच यावे. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात असा एक प्रयोग झाला. पहिला थांबा काकूंच्या दारी होता. त्या बसमध्ये आम्हीही होतो, मोटार घरी ठेवून. बाजाराच्या कडेस उतरून आम्ही सारे चालत निघालो; काकूंचा हात एका शाळकरी मुलीने धरला होता.

कमानीखाली काकू क्षणभर थांबल्या आणि त्या मुलीस म्हणाल्या, “बाळ, तुला ५२ हत्तींची गोष्ट ठाऊक आहे का?” गोष्ट संपेपर्यंत आम्ही सर्वजण तेथेच उभे राहिलो. आरतीस अजून अवकाश होता.